दिसणारं नाक, श्वास घेणारं नाक

उत्सुक : मावशी, तुझा विरोध मला माहीत आहे, म्हणून आधी मीच बोलते. मला नाकाची शस्त्रक्रिया करून घ्यायची आहे. मधोमध जो उंचवटा आहे तो कमी करायचा आणि खाली झुकलेला शेंडा थोडा वर घ्यायचा. एवढंच. हे आज सुचलेलं नाही. शाळेत मला ‘पोपट’ म्हणायचे. कॉलेजात तोंडावर कुणी काही म्हटलं नाही, पण फोटो काढताना मी आपोआप समोर तोंड करून उभी राहायला शिकले होते. कुणी बाजूने फोटो काढला की तो दिवस खराब जायचा. आता मी कमावते आहे, पैसे माझे आहेत, घाईही नाही. दात वेडेवाकडे असले तर आपण तार लावतो, चष्मा नको असेल तर लेसर करून घेतो. त्याला कुणी नावं ठेवत नाही. मग नाकालाच ‘देवाने दिलंय ते ठेव’ हा नियम का?

साशंक : देवाने दिलंय ते ठेव, असं मी म्हणणार नाही. माझी सगळी नोकरी कान-नाक-घशाच्या ऑपरेशन थिएटरात गेली. तू दात आणि नाक एका रांगेत बसवतेस, तिथे माझी हरकत आहे. तार नको झाली तर काढता येते. नाकातली कूर्चा एकदा कापली की ती पुन्हा वाढत नाही. नाकाचा वरचा साधारण एक तृतीयांश भाग तेवढा हाडाचा असतो. त्याखालचं नाक कूर्चेवर उभं असतं आणि मधला पडदा हा त्याचा मुख्य आधार. तुझा उंचवटा काढायचा म्हणजे हाडही तासायचं आणि कूर्चाही. कौलारू घराचं आढं काढलं की छपरात जशी फट पडते, तशी तिथे पडते. ती मिटवायला बऱ्याचदा दोन्ही बाजूंची हाडं मुद्दाम मोडून आत आणावी लागतात. बाजूच्या कूर्चा पडद्यापासून सुटतात. त्या नीट बांधल्या नाहीत तर आत ढासळतात, आणि श्वासाची सगळ्यात अरुंद वाट नेमकी तिथेच असते. तिथे एखाददोन मिलिमीटरसुद्धा फार असतात. शस्त्रक्रियेनंतर काही वर्षांनी परत येणारे रुग्ण मी पाहिले आहेत. फोटोत नाक सुबक, पण रात्री तोंड उघडं टाकून झोपावं लागतं. दिसणारं नाक आणि श्वास घेणारं नाक ही दोन वेगळी नाकं नाहीत, हे तुला आधी पटायला हवं.

उत्सुक : ते मला पटलेलं आहे, आणि म्हणूनच तुझं बोलणं शस्त्रक्रियेविरुद्ध जात नाही, वाईट शस्त्रक्रियेविरुद्ध जातं. जुन्या पद्धतीत काढण्यावर भर होता. हाड काढ, कूर्चा काढ, नाक बारीक कर. आता पडद्याच्याच कूर्चेच्या पातळ पट्ट्या काढून त्या दोन्ही बाजूंना बसवतात, म्हणजे ती अरुंद वाट उघडी राहते. पडदा घेतानाही पुढून आणि वरून किमान एक सेंटिमीटरची पट्टी राखतात, नाहीतर नाकाचा दांडा पुढे खचतो. काही सर्जन उंचवटा तासतच नाहीत. वरचा दांडा तसाच ठेवून खालचा आधार कमी करतात आणि सगळाच उंचवटा खाली उतरवतात. शिवाय माझी डावी नाकपुडी लहानपणापासून बंद असते. घरात सगळे ‘नाकाचं हाड वाढलंय’ म्हणायचे आणि सोडून द्यायचे. खरं तर पडदा वाकडा आहे. तो सरळ करायला मला भूल घ्यावीच लागणार आहे, मग त्याच वेळी बाहेरचं का करू नये? आणि दुसरं म्हणजे ही शस्त्रक्रिया परदेशी थेर म्हणून बाजूला सारता येणार नाही. सुश्रुतसंहितेत गालाच्या कातडीने नाक घडवण्याची रीत आहे. पुण्याजवळ तर अठराव्या शतकाच्या अखेरीला ती प्रत्यक्ष होत होती.

साशंक : कावसजीची गोष्ट म्हणतेस ना? ती मलाही प्रिय आहे, पण ती तुझ्या बाजूने साक्ष देते असं मला वाटत नाही. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा तो मराठी माणूस. १७९२ च्या लढाईत टिपूच्या हाती सापडला, त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक घालून दिलं. मेणाचं नाक बनवलं, ते सपाट करून कपाळावर ठेवलं, त्याच्या मापाने कातडी आखून कापली आणि खाली वळवून बसवली. मुंबईच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ते पाहिलं. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये त्याची हकीकत चित्रासकट छापून आली, आणि ती वाचून जोसेफ कार्प्यू या सर्जनने १८१४ मध्ये लंडनला तीच शस्त्रक्रिया केली. त्या कारागिराचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. पण बघ, कावसजीला नाक नव्हतं. तुला आहे. गेलेलं परत मिळवणं आणि असलेलं बदलणं यांत फरक आहे, आणि तो आपल्या कायद्यानेही धरला आहे. जन्मजात व्यंग किंवा इजा यासाठी शस्त्रक्रिया असेल तर ती आरोग्यसेवा ठरते. निव्वळ रूपासाठी असेल तर तिच्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. आरोग्यविमा तर रूपासाठीच्या शस्त्रक्रियेचे पैसे देतच नाही. तुझ्या पडद्याचे कदाचित मिळतील, उंचवट्याचे मिळणार नाहीत. आणि दोन्ही एकत्र केलंस तर बिलं वेगळी मागून घे, विमा कंपनीला आधी लेखी विचार. उंचवट्याचा खर्च पडद्याच्या नावाखाली दाखवायला कुणी सुचवलं तर त्या माणसाच्या हातात नाक देऊ नकोस.

उत्सुक : बिलाचं ऐकते. पण ही रेघ करासाठी ओढलेली आहे, माणसांच्या दुःखातून ती जात नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. एन. एच. अंतिया यांनी कुष्ठरोगाने बसलेली नाकं उभी केली. का केली? रोग औषधाने थांबला होता. पण खचलेल्या नाकाचा माणूस घरी परतला की गाव त्याला आत घेत नव्हतं. नाक उभं राहिलं की तो पुन्हा बाजारात जाऊ शकत होता, मुलांच्या लग्नात उभा राहू शकत होता. म्हणजे तिथे जे बरं केलं ते लोकांच्या नजरेनं केलेली जखम. १८९८ मध्ये बर्लिनला जाक योसेफ या सर्जनने एका तरुणाचं मोठं नाक लहान केलं, त्याचंही कारण हेच होतं. माणूस ठणठणीत होता, पण नाकापायी चारचौघांत जायला तयार नव्हता. योसेफने डॉक्टरांच्या सभेत जाऊन सांगितलं की हे दुःख खरं आहे आणि म्हणून हा इलाजही खरा आहे. त्याआधी एका मुलाचे पुढे आलेले कान मागे बसवले म्हणून त्याला नोकरी गमवावी लागली होती. लोकांच्या नजरेचं दुःख कुष्ठरोग्याच्या बाबतीत आपण मान्य करतो. मग माझ्या बाबतीत ते लहान असेल, पण खोटं कसं ठरतं? लहान-मोठं तू मोजू शकतेस. जातच वेगळी आहे, असं म्हणू शकत नाहीस.

साशंक : योसेफपाशी थोडं थांबूया, कारण त्याच्या पुढच्या गोष्टीने मला फार विचार करायला लावलं आहे. योसेफ स्वतः ज्यू होता आणि त्याच्याकडे येणाऱ्यांत ज्यूही होते. त्यांना नाक लहान हवं होतं, कारण त्या नाकाने ते ज्यू म्हणून ओळखू येतील अशी भीती होती. प्रत्येकाचं दुःख खरं, प्रत्येकाची शस्त्रक्रिया यशस्वी धरून चाल. १९३५ मध्ये न्यूरेंबर्गचे कायदे आले तेव्हा ज्यू कोण हे नाक बघून ठरलं नाही, आजी-आजोबा कोण ते बघून ठरलं. द्वेष नाकात नव्हताच. तुझ्यावर असं काही संकट नाही, हे मला कळतं. पण प्रश्न तोच आहे. दुःख खरं असलं म्हणून त्याचं मूळ नाकात आहे असं होत नाही. आपल्याकडे ‘नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं’ म्हणतात. बसक्या नाकाची असतीस तर तेच ऐकून दांडा उंच करायला निघाली असतीस. मुलगी बघायला आलेले लोक ‘नाकी-डोळी नीटस’ म्हणतात तेव्हा त्यांच्या डोक्यात एक नाक ठरलेलं असतं. ते ना तुझं असतं, ना शेजारच्या नकटीचं. शिवाय हे नाक तुझं एकटीचं नाही. ते तुझ्या आजीचं आहे. आणि माझं आहे.

उत्सुक : आता खरं बोललीस. म्हणजे तुला माझ्या श्वासाची काळजी आहे, की मी तुझं नाक नाकारते आहे याचं वाईट वाटतंय? आजीवर माझं प्रेम आहे. तिच्यासारखे हात मला मिळाले, त्यांचा अभिमान आहे. पण प्रेमाचा पुरावा म्हणून तिचं सगळंच वागवायचं का? तिचा मधुमेह आला तर मी औषध घेणारच. आणि ‘हे तू लोकांसाठी करतेस’ म्हणतेस. निर्जन बेटावर असते तर केलं असतं का, हेच विचारायचं आहे ना? नसतं केलं. पण बेटावर मी केसही विंचरले नसते, साडीही नेसले नसते, बहुधा बोलणंही विसरले असते. चेहरा ही गोष्टच दुसऱ्यांनी बघण्यासाठी आहे. माझा मला तो दिसतसुद्धा नाही. ‘फक्त स्वतःसाठी कर’ हे ऐकायला छान वाटतं, पण त्या कसोटीवर चेहऱ्याबाबतचा कुणाचा कुठलाच निर्णय उतरणार नाही. तू केस रंगवतेस ते कुणासाठी?

साशंक : वाईट वाटतं. ते वाटणारच, ते बाजूला ठेवू. बेटाची कसोटीही सोडून देऊ, ती चालत नाही. मग मी दुसरं विचारते. थिएटरबाहेर ज्यांच्याशी बोलले त्यांच्यात एक फरक मला कायम दिसला. काहीजणींना नेमकं सांगता येत असे की अमुक ठिकाणी एवढा उंचवटा आहे, तो नको. काहीजणी सांगत की नाक ‘बरोबर नाही’. काय बरोबर नाही, तर सगळंच. पहिल्या बऱ्याचशा समाधानी राहिल्या. दुसऱ्यांचं नाक उत्तम झालं तरी त्या परत आल्या, कधी नाकासाठी, कधी हनुवटीसाठी. यातल्या काहींना देहरूपाबद्दलचा मानसिक विकार असतो. दुसऱ्याला जेमतेम दिसणारा दोष त्यांना दिवसाचे तासन् तास छळतो. पुन्हा पुन्हा आरसा बघणं, नाहीतर आरसा पूर्ण टाळणं, हाताने नाक झाकणं, त्यापायी कामावर न जाणं. शंभरात साधारण दोघांना हा विकार असतो, आणि नाकाच्या सर्जनकडे येणाऱ्यांत हे प्रमाण त्याहून बरंच जास्त आढळतं. शस्त्रक्रियेने तो बरा होत नाही, जागा बदलतो. त्याला उपचार आहेत, पण ते मानसोपचारतज्ज्ञाकडे. आणि फोटोंचं काय म्हणालीस मघाशी? फोन हातभर अंतरावर धरला की नाक कॅमेऱ्याच्या सगळ्यात जवळ येतं आणि फुगतं. २०१८ मध्ये अमेरिकेत डॉक्टरांनी हिशेब केला. बारा इंचांवरून काढलेल्या फोटोत नाकाची रुंदी पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा जवळपास ३० टक्के जास्त दिसते. जे नाक तुझ्या चेहऱ्यावर नाहीच, ते कापायला किती मुली येत असतील, या विचाराने मला अस्वस्थ वाटतं.

उत्सुक : माझा उंचवटा सेल्फीतला नाही. सेल्फी समोरून असते, समोरून तो दिसतच नाही. तो बोटाला लागतो, चष्मा त्याच्यावर टेकतो. आणि नेमकेपणाच्या तुझ्या कसोटीला मी उतरते : उंचवटा आणि शेंडा, बाकी काही नको. आरसा सकाळी एकदा, निघताना एकदा. कामावर रोज जाते, आठ जणांसमोर उभी राहून बोलते. नाक बदललं की नोकरीत बढती मिळेल किंवा कुणी प्रेमात पडेल, असं मला वाटत नाही. बाजूने कुणी फोटो काढत असेल तर तिकडे लक्ष जाऊ नये, एवढीच अपेक्षा आहे. एक मात्र खरं, वर्गातली ती पोरं आठवली की छाती अजून जड होते. तो ‘पोपट’ शस्त्रक्रियेने पुसला जाईल का? नाही जाणार, हे मला कळतं. पण कळूनही ती आशा कुठेतरी असेलच, नाही असं मी म्हणणार नाही.

साशंक : ती आशा सर्जनला सांग. लपवू नकोस. चांगला सर्जन पहिल्या भेटीत नाकापेक्षा तुझ्याशी जास्त बोलेल. तुला काय खुपतं हे तुझ्या तोंडून ऐकेल आणि प्रसंगी ‘मी करणार नाही’ म्हणेल. तो प्लास्टिक सर्जन आहे की कान-नाक-घसा तज्ज्ञ, याने फार फरक पडत नाही, दोघेही ही शस्त्रक्रिया करतात. पण त्याची पदवी आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी बघ. अशी नाकं तो किती वेळा करतो विचार, आणि त्यातली बिघडली त्यांचं पुढे काय केलं हेही विचार. त्याने काढलेले आधीचे-नंतरचे फोटो बघ, आणि ते शस्त्रक्रियेनंतर किती काळाने काढलेत ते बघ. कारण सूज ही या प्रकरणातली सगळ्यात फसवी गोष्ट आहे. पट्टी आठवड्याने निघते, डोळ्यांखालचं काळंनिळं दोन आठवड्यांत जातं, चष्मा काही आठवडे नाकावर टेकवायचा नाही. शेंड्याची सूज मात्र वर्षभर उतरत राहते, कातडी जाड असेल तर त्याहूनही जास्त. आपल्याकडे बऱ्याच जणांची नाकाची कातडी जाड असते आणि शेंड्याची कूर्चा मऊ. आत कितीही सुरेख कोरीवकाम केलं तरी जाड कातडी त्याच्यावर चादर घालते. संगणकावर सर्जन जे नाक दाखवतो ते त्याच्या मनातलं असतं. तुझी कातडी त्या चित्रात नसते. आणि डिसेंबरात घरात लग्न आहे म्हणून ऑक्टोबरात उरकून घेऊ, हे तर अजिबात नको.

उत्सुक : लग्न माझं नाही आणि घाईही नाही. पण मधला मार्ग म्हणून मैत्रीण सुचवत होती, आधी फिलर घालून बघ. सुईने उंचवट्याच्या वर-खाली भरतात, नाक सरळ दिसतं, वर्ष-दीड वर्षात ते विरघळतं. नाही आवडलं तर नाही.

साशंक : लोक त्याला सोपं समजतात म्हणून मला त्याची जास्त भीती वाटते. नाकाच्या रक्तवाहिन्या डोळ्याकडे जाणाऱ्या वाहिन्यांना जोडलेल्या आहेत. फिलर चुकून वाहिनीत गेला तर नाकाची कातडी मरू शकते, क्वचित डोळा जाऊ शकतो. चेहऱ्यावरच्या धोक्याच्या जागांत नाक अगदी वरचं आहे. पार्लरमध्ये किंवा पुरेसं शिक्षण नसलेल्या हाताने तर मुळीच नाही. शस्त्रक्रियेचे धोके निदान सगळ्यांना माहीत असतात : भूल, रक्तस्राव, जंतुसंसर्ग, पडद्याला भोक पडणं, शेंडा काही महिने बधिर राहणं. आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागणं. साधारण ५ ते १५ टक्के जणांना दुसऱ्यांदा टेबलावर जावं लागतं, आणि दुसरी खेप कठीण असते. पडद्यातली कूर्चा आधीच वापरून झालेली असते, म्हणून कानातून किंवा बरगडीतून आणावी लागते. नामांकित माणसंही यातून सुटत नाहीत. प्रियांका चोप्राने आपल्या आत्मचरित्रात लिहिलंय, नाकातली गाठ काढायला गेली आणि नाकाचा दांडाच खचला. हातातले चित्रपट गेले, पुढे तो दुरुस्त करून घ्यावा लागला. तिची मूळ शस्त्रक्रिया तर रूपासाठी नव्हतीच.

उत्सुक : हे सगळं ऐकूनही मी ‘नको’ म्हणत नाही, याचा अर्थ मला धोका कळला नाही असा घेऊ नकोस. दहा जणांत एकीला पुन्हा टेबलावर जावं लागेल, ती मी असू शकते. मी स्वतःला हे विचारलं आहे : उंचवटा निम्माच कमी झाला, शेंडा किंचित डावीकडे राहिला, तर चालेल का? निम्मा कमी झाला तर चालेल. तिरका राहिला तर कठीण जाईल. श्वास बिघडला तर मी स्वतःला माफ करणार नाही.

साशंक : मग समज, सर्जन म्हणाला, ‘पडदा सरळ करतो, पण उंचवट्याला हात लावला तर तुझ्या श्वासाची खात्री देत नाही.’ काय करशील?

उत्सुक : पडदा करून घेईन. उंचवट्याचं आणखी एकाला विचारेन, आणि तोही तेच म्हणाला तर थांबेन, बहुतेक. आता उलट सांग. तो म्हणाला, श्वासाला धोका कमी आहे, मन जागेवर आहे, अपेक्षा रास्त आहे. वर्षभर सूज सोसायला मी तयार आहे. तुझे सगळे आक्षेप फिटले. तरी तुला नकोच वाटेल ना?

साशंक : तरी नको वाटेल. आणि ते वैद्यकीय नसेल. तुझ्या निर्णयात त्या वाटण्याला किती वजन द्यायचं हे मला सांगता येत नाही. काहीच देऊ नकोस म्हटलं तर ते खोटं होईल. हा चेहरा पिढ्यांनी घडवलेला आहे, आणि त्याकडे बघून तुझी आई, मी, आम्ही तुला ओळखतो. द्यायचं म्हटलं तर त्याच न्यायाने शाळेतल्या त्या पोरांच्या बघण्यालाही वजन द्यावं लागेल. तीही तुझ्या चेहऱ्याकडे बघणारीच माणसं होती.

उत्सुक : आजवर मला वाटायचं की त्या पोरांचं वजा केलं की उरलेली इच्छा माझी. आता त्यात तुझंही वजा करून बघायला हवं. इच्छा उरते की नाही, आणि उरली तर ती नाकाबद्दलची असते की आणखी कशाबद्दलची, हे संमतिपत्रावर सही करण्याआधी मला कळायला हवं. पडद्याची तारीख मी घेते आहे. उंचवट्याची अजून घेतलेली नाही.